नागाळा पार्कातली तीन जुनी झाडं: काय कापायचं, काय राखायचं

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या नागाळा पार्कात १९७०च्या दशकातला बंगला. मागच्या अंगणात रायवळ आंबा, फाटकाशी गुलमोहर आणि कोपऱ्यात रस्त्यावर ओथंबलेला रेन ट्री. मे महिन्यातल्या वळवात गुलमोहराची फांदी गाडीवर पडली. आंब्याच्या खोडात ढोली आहे, गवंडी म्हणतो सिमेंटने बुजवून देतो. वखारवाला म्हणतो तिन्ही झाडं वरून बोडकी करून देतो, पैसे नकोत, लाकूड आमचं. शेजाऱ्यांचं म्हणणं, पाडूनच टाका. पाऊस नुकताच उघडलाय. आता करायचं काय?

सुरुवात वखारवाल्यापासून करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या ‘फुकट’ सौद्यात आहे. त्याची मजुरी लाकडाच्या वजनात निघते. वाळक्या काटक्यांना भाव नाही, मांडीएवढ्या ओल्या फांदीला आहे. म्हणून जे उतरवायला हवं ते झाडावरच लोंबत राहतं आणि जे राहायला हवं ते टेम्पोत जातं. माणसं रोजावर लावा, लाकूड तुमच्याच आवारात पडू द्या आणि कोणती फांदी कुठून कापायची ती खूण आदल्या दिवशी चुन्याने स्वतः करून ठेवा. लाकडाचं काय करायचं ते नंतर बघता येतं.

बोडकं करण्याचं म्हणाल तर ती सुरक्षितता दोन-तीन वर्षांची असते. पानं गेली की मुळांना अन्न जात नाही, बारीक मुळं मरायला लागतात. झाड घाबरल्यासारखं खुंटाभोवती पंधरा-वीस सरळसोट फुटवे काढतं. हे फुटवे लाकडात खोलवर रुजलेले नसतात, सालीखालच्या वरच्या थरातून निघालेले असतात. तिकडे खुंटाचं तोंड पावसात भिजून आत कुजत जातं. चार-पाच वर्षांत तेच फुटवे मनगटाएवढे, पंधरा फूट लांब आणि शेंड्याला पानांनी जड होतात, आणि उभे असतात कुजक्या खुंटावर. पुढच्या वळवात तुटून पडतात ते हेच. आंब्याचं आणखी एक: सावलीत वाढलेल्या जाड फांद्यांची साल एकदम उघडी पडली की एप्रिलच्या उन्हात भाजते, तडकते, आणि तिथून खोड पोखरणारा भिरूड शिरतो.

कोल्हापुरात झाडाला दोन वेगळे वारे झेलावे लागतात. एप्रिल-मे मधला वळीव दुपारनंतर अचानक उठतो. तेव्हा जमीन कोरडी आणि घट्ट असते, मुळं पकडून असतात, म्हणून झोत बसतो तो फांद्यांना. आषाढ-श्रावणातला वारा पश्चिमेकडून सलग येतो, आणि तोवर माती आठवडेच्या आठवडे पाणी पिऊन लोण्यासारखी झालेली असते. थोडक्यात, वळवात फांदी मोडते आणि आषाढात झाड मुळासकट उन्मळतं. फांद्यांचं काम वळवाच्या आधी संपवायचं आणि मुळांची तपासणी पावसाळ्याच्या आधी आणि लगेच नंतर करायची, ती यासाठी. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गगनबावड्याच्या मानाने काहीच नाही. पण इथली हवा थंडीतही सौम्य असते, लाकडातली ओल लवकर उडत नाही आणि कुजवणाऱ्या बुरशीला वर्षातले बरेच महिने काम मिळतं. जुन्या झाडावरचा प्रत्येक मोठा काप म्हणजे तिला उघडलेलं दार.

याच ओलीमुळे खोडावर शेवाळ, दगडफूल, नेचे आणि कधी आमरी (ऑर्किड) दिसते. पुष्कळ जण तारेच्या ब्रशने खोड घासून काढतात. गरज नाही. ती झाडाचं काही खात नाहीत, नुसती बसायला जागा घेतात. बांडगुळाची गोष्ट वेगळी, त्याच्याकडे पुढे येतो.

आता पहिलं काम, आणि ते करवतीचं नाही. खुरपं घ्या आणि तिन्ही झाडांचा बुंधा बघा. निरोगी झाड जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखं पसरतं. विजेच्या खांबासारखं सरळ खाली गेलेलं दिसलं, तर बुंधा मातीत गाडला गेलाय असं समजा. बंगल्यांच्या आवारात हे सर्रास होतं: रस्ता उंच झाला म्हणून अंगणात मुरुमाची भर, तिच्यावर पेव्हर ब्लॉक. तुमच्या भागात तर २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी गाळही आणून टाकला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या गाळाचे थर कुणी खरवडून काढले नसतील तर ते अजून तिथेच आहेत. खोडाची साल मुळांच्या सालीसारखी नसते. तिला सतत ओली माती लागून राहिली की ती सडते, आणि वरून झाड हिरवंगार दिसत असताना खाली पकड सुटत जाते.

बुंध्याभोवतीची भर हाताने किंवा खुरप्याने हलकेच काढा, पहिली जाड आडवी मुळं दिसेपर्यंत. कुदळ चालवू नका. मध्येच खोडाला वेढा घालून गेलेलं मूळ सापडलं आणि ते अंगठ्याहून बारीक असेल तर कापून टाका, जाड असेल तर आधी जाणत्याला दाखवा. त्यानंतर पेव्हर. खोडापासून किमान एक मीटर जागा उघडी हवी. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली हेच अंतर सांगितलं होतं. पण दोन फूट जाडीच्या जुन्या झाडाला एक मीटर म्हणजे उपासाला चमचाभर साबुदाणा. जमेल तिथे दोन-अडीच मीटर उघडी करा. गाडी उभी करायची जागा हलत नसेल तर तिथले ब्लॉक सिमेंटऐवजी खडीवर आणि फटी मोकळ्या ठेवून बसवा.

बुंधा उघडा झाला की चार गोष्टी बघायच्या. मुळांजवळ अर्ध्या ताटासारखी, तांबूस-तपकिरी, वार्निश लावल्यासारखी चकाकणारी आणि कडेला पांढरी अळंबी उगवली आहे का? ही गॅनोडर्मा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती ठळक दिसते, म्हणजे आत्ता. ती उपटून फेकली म्हणजे रोग गेला असं होत नाही. आंबा तोडला म्हणून आंब्याचं झाड जात नाही, तसंच. खरी बुरशी आत मुळांत पसरलेली असते. दुसरं, झाडाच्या पश्चिमेच्या अंगाला जमिनीला भेग पडली आहे किंवा माती उचलली गेली आहे का? वारा तिकडून येतो, मूळ तिकडचं सुटतं. तिसरं, झाड कललं असेल तर कधीपासून? लहानपणापासून कललेलं झाड शेंडा पुन्हा वर वळवतं. शेंड्यासकट सगळं एकाच रेषेत झुकलं असेल तर कल नवा आहे, आणि तो धोक्याचा. चौथं, जवळपास गेल्या काही वर्षांत ड्रेनेज, पाण्याची लाईन किंवा कंपाउंडचा पाया यासाठी चर खणला होता का? खोडाच्या जाडीच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या खोडाला १८० सेंटिमीटरच्या आत, एका बाजूने चर गेला असेल तर त्या बाजूची नांगरमुळं तुटलेली आहेत असं धरूनच पुढचा विचार करायचा. तुटलेलं मूळ लगेच दिसत नाही, झाड तीन-चार वर्षांनी बोलतं.

आंब्याच्या ढोलीचं बघू. सिमेंट नको, अजिबात नको. खोड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. दोन्हींमध्ये केसाएवढी फट पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वर पुढे कधी करवत लावायची वेळ आली तर साखळी त्या गोळ्यावर आपटते आणि कापणाऱ्याच्या जिवावर बेतते. ढोली खरवडून ताजं लाकूड उघडं करायचं नाही, आणि पाणी निघावं म्हणून खालून ड्रिलने भोकही पाडायचं नाही. अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी गेल्या शतकात हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत बांधतं. कुजकं आत कोंडून बाहेर नवं लाकूड चढवत राहतं. ढोली खरवडली किंवा भोक पाडलं की तीच भिंत फुटते. सुटा पालापाचोळा आणि प्लास्टिक हाताने काढा, पण आधी विजेरीने आत बघा: पिंगळा, मधमाश्या किंवा क्वचित साप असतो.

ढोली आहे म्हणजे झाड कमजोर असंही नाही. पोकळ नळीसुद्धा बऱ्यापैकी वाकणं सोसते, भिंत पुरेशी जाड असेल तर. हिशेब सोपा आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा. समजा २२० सेंटिमीटर भरला. त्याला ३.१४ने भागलं की जाडी ७० सेंटिमीटर, त्रिज्या ३५. निरोगी भिंत त्रिज्येच्या निदान ३० टक्के, म्हणजे साडेदहा-अकरा सेंटिमीटर हवी. ती मोजायला लाकडी मोगरीने खोडाभोवती हळूहळू ठोकत जा. भरीव ठिकाणी आवाज टणक येतो, पोकळ ठिकाणी माठासारखा ढबढब. ढोलीच्या तोंडातून छत्रीची जुनी काडी आत सरकवून कुजकं कुठे संपतं तेही कळतं. मात्र ढोलीचं तोंडच घेराच्या एक तृतीयांशाहून रुंद असेल तर हा हिशेब लागू होत नाही. बंद नळी आणि चिरलेली नळी यांत फरक आहे. अशा वेळी वरचं वजन कमी करावं लागतं किंवा फांदीला टेकू द्यावा लागतो. टेकू लोखंडी असो की सागाचा, फांदी टेकते तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला आणि दरवर्षी तो थोडा सरकवा, नाहीतर साल दबून फांदी तिथेच मरते.

आंब्यावर आणखी दोन गोष्टी शोधा. बुंध्याशी किंवा बेचक्यात लाकडाचा भुसा आणि डिंक दिसला तर भिरूड. मोठ्या मिशांच्या भुंग्याची ही अळी आत बोगदा पोखरत जाते आणि एखादी जाड फांदी वाळवून टाकते. भुसा जिथून गळतो ते भोक चाकूने जरा मोकळं करा, सायकलच्या ब्रेकची तार टोकाला आकड्यासारखी वळवून आत घाला आणि फिरवून ओढा. अळी निघाली किंवा तारेला पांढरा चिकट द्रव लागला की काम झालं. न निघाल्यास पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात कोंबून वरून चिखल लिंपा, आणि आठवड्याने बघा, भुसा पुन्हा आलाय का. हे करताना विडी-काडी लांब ठेवा. जुन्या पुस्तिकांमध्ये इथे डायक्लोरव्हॉस लिहिलेलं सापडेल, त्याच्यावर आता देशात बंदी आहे. वाळवीची मातीची पन्हाळी मात्र घाबरण्यासारखी नसते, ती बहुधा मेलेली साल खाते. झाडणीने झाडून टाका. बुंध्याला जळकं ऑईल फासण्याची पद्धत बंद करा.

दुसरं बांडगूळ. आंब्याच्या पानांत वेगळ्या जाड पानांचा झुबका, नारिंगी नळीसारखी फुलं, आणि फांदीवर गाठ. इवलासा फुलटोचा त्याची फळं खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून जातो. नुसतं बांडगूळ ओरबाडून काढल्याने ते परत फुटतं, कारण त्याची मुळी फांदीच्या लाकडात उतरलेली असते. गाठीच्या खोडाकडच्या बाजूला हातभर अंतर सोडून, पुढच्या जोडापाशी फांदी कापावी लागते. गाठ मुख्य फांदीवर असेल तर फांदी घालवू नका. बांडगूळ वर्षातून दोनदा सालीलगत छाटत राहा, त्याची पानं गेली की जोर मोडतो. फळं पिकायच्या आत काढलंत तर शेजाऱ्यांचा आंबाही वाचेल. माणसातल्या बांडगुळांना मात्र हा उपाय चालत नाही.

वड-पिंपळाचं रोप बेचक्यात उगवलं असेल तर ते आजच उपटा. वीतभर असताना दोन बोटांनी निघतं, तीन वर्षांनी झाडासकट काढावं लागतं.

आता करवत. जुन्या झाडाची एका हंगामात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त पानं काढायची नाहीत. आधी वाळकं, मोडकं, रोगट. मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या. मग गरज उरलीच तर लांब आडव्या फांद्यांचं टोकाचं वजन. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला झुबका ठेवायची खोड अनेक छाटणाऱ्यांना असते. दिसायला मोकळं दिसतं, पण सगळं वजन टोकाला जाऊन फांदी गळासारखी वाकते आणि मोडते. आतल्या फांद्या राहू द्या. लांबी कमी करायची तर मधेच खुंट न ठेवता बाजूच्या एखाद्या फांदीपाशी कापा, आणि ती बाजूची फांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाड असावी, म्हणजे पुढचा कारभार ती सांभाळते. चार इंचांहून मोठा काप शक्यतो टाळा.

जड फांदी एका कापात कधीच काढायची नाही. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून काप, जाडीच्या एक तृतीयांश. मग त्याच्या चार बोटं पुढे वरून कापत या. फांदी स्वतःच्या वजनाने तुटून पडते, पण खालच्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत येत नाही. शेवटी उरलेला खुंट काढायचा, आणि हा तिसरा काप कुठे द्यायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. फांदी खोडाला मिळते तिथे गळ्याशी फुगीर कडं दिसतं, वरच्या अंगाला सालीची सुरकुती असते. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर. कडं ठेवलं तर भोवतीची साल वर्षभरात चारही बाजूंनी गोल कड्यासारखी चढत येते. खोडाला घासून सपाट कापलं तर ते कडंच जातं, जखम लांबट होते आणि वर-खाली साल चढतच नाही. हात-दीड हात खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि कूज खोडात उतरते. पूर्वीच्या एखाद्या कापाकडे जाऊन बघा, भोवती गोल वळी आहे की उभी फट, तेवढ्यावरून आधीच्या छाटणाऱ्याची पारख होते.

कापावर काय लावायचं? ऑईल पेंट, डांबर, शेण यांपैकी काहीच नको. त्यांच्याखाली ओल कोंडते. कोरड्या हंगामात नीट दिलेल्या कापाला काहीही लावलं नाही तरी चालतं. आंब्यावरचा मोठा काप असेल आणि मनाला चैन पडत नसेल तर बोर्डो पेस्ट लावा, आतली कूज ती रोखत नाही, वरच्या बुरशीला थोडा अडथळा करते. १०० ग्रॅम मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या डब्यात अर्धा लिटर पाण्यात रात्रभर लोंबकळत ठेवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात विरवून थंड होऊ द्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत ओता, लाकडी काठीने ढवळत. लोखंडी विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून काढा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी वाढवा आणि पुन्हा बघा. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी भांडं घेऊ नका, आणि त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही.

वेळेचं गणित झाडागणिक वेगळं. आंब्याची वाळकी फांदी आत्ता, दिवाळीच्या आगेमागे, पाऊस पूर्ण उघडल्यावर काढा. ओल्या फांद्यांची हलकी विरळणीही याच वेळी. त्या फांद्यांवरचा यंदाचा मोहर जाईल, ते सोसायचं. रेन ट्री आणि गुलमोहर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा, पानगळीत. तेव्हा सांगाडा दिसतो, वाळकं कुठलं ओलं कुठलं ते कळतं आणि वळवाला महिना-दीड महिना असतो. भर पावसात फक्त मोडून लोंबकळणारी फांदी उतरवायची, बाकी हात लावायचा नाही. वर चढण्याआधी घरटी बघा. रेन ट्रीवर पावसाळ्यात बगळ्यांची, तर हिवाळ्यापासून घारीची घरटी असू शकतात, पिल्लं उडेपर्यंत थांबायचं.

रेन ट्रीच्या बाबतीत मला पाडण्याचं काहीच कारण दिसत नाही, बुंधा ठीक असेल तर. रस्त्यावर गेलेल्या दोन-तीन लांब फांद्यांची टोकं दोन मीटरने कमी केली तरी जोडावरचा ताण बराच उतरतो. मुख्य बेचकं तेवढं नीट बघा. दोन खोडं इंग्रजी यू अक्षरासारखी उघडी मिळत असतील तर मजबूत. व्ही सारखी चिकटून वर गेली असतील आणि मधे साल आत दुमडलेली दिसत असेल तर तिथे लाकडाला लाकूड जोडलेलंच नाही, साल सालीला टेकून उभी आहे. अशा ठिकाणी एका बाजूचं वजन कमी करणं पहिलं. तार बांधायचीच तर बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांश उंचीवर, फांदीतून आरपार बोल्ट घालून. फांदीभोवती गुंडाळलेली तार पाच वर्षांत सालीत रुतते आणि गळफास होते. हाच नियम दिव्यांच्या माळा, केबल आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला. विजेच्या तारेजवळच्या फांदीला स्वतः हात लावू नका. महावितरणला १९१२ वर कळवून लाईन बंद करवून घ्या, ओली फांदी वीज वाहून नेते.

मातीकडे बहुतेकांचं लक्ष शेवटी जातं, खरं तर झाडाचं आयुष्य तिथे ठरतं. अन्न घेणारी पांढरी मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि पानांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरलेली असतात. म्हणून बुंध्याशी खोल आळं खणून खत भरण्याची रीत जुन्या झाडाला मारक: खतासाठी आपण मुळंच तोडतो. ४०-५० किलो कुजलेलं शेणखत किंवा साखर कारखान्याची मळी (म्हणजे प्रेसमड; पूर्ण कुजलेली, हाताला गरम न लागणारी) जूनच्या तोंडाला जमिनीवर पसरायची, खोडापासून चार फूट सोडून पानांच्या घेरापर्यंत. युरिया नको. जुन्या झाडाला तो लांब, लुसलुशीत फुटवे काढायला लावतो, जे वाऱ्यालाही टिकत नाहीत आणि मावा-पिठ्या ढेकणांनाही आवडतात. वर चार बोटांचं उसाचं पाचट. आपल्याकडे ते शिवारात जाळलं जातं, त्यातलं टेम्पोभर सहज मिळतं. पाचट खोडाला टेकू देऊ नका, वीतभर मोकळं ठेवा. रसवंतीची ताजी चिपाडं मात्र टाकू नयेत, मुंग्या आणि माश्यांची जत्रा भरते.

गाड्या उभ्या राहून जमीन दगड झाली असेल तर वाफसा आल्यावर पहारीने दीड फूट खोल, दोन इंच रुंद भोकं पाडा. खोडापासून पाच फुटांच्या बाहेर, दोन-दोन फुटांवर. मूळ लागलं की जागा बदला. भोकात कंपोस्ट आणि जाड वाळू अर्धी-अर्धी भरा. चिखलात हे केलं तर भोकाची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, पाणी झिरपत नाही. काळ्या मातीत तर अगदीच.

उन्हाळ्यात मोठ्या झाडाला पाणी लागतं, पण रोज बादलीभर नाही. पानांच्या घेराची रुंदी आठ मीटर असेल तर खाली पन्नास चौरस मीटर जमीन. तिला २० मिलिमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, एक सिंटेक्सची टाकी. मार्च ते मे दर पंधरा-वीस दिवसांनी एवढं, सावकाश, नळी जागा बदलत. आंब्याला नोव्हेंबर ते जानेवारी पाणी तोडा, नाहीतर मोहराऐवजी पालवी येईल. गच्चीच्या पाण्याचा पाइप कुणी झाडाच्या बुंध्याशी सोडला असेल तर तो आधी वळवा. पुराचं पाणी आवारात दोन-चार दिवस राहिलं तर ओसरल्यावर खत घालायचं नाही, फक्त गाळ मूळ पातळीपर्यंत काढून जमीन उघडी करायची. पानं पिवळी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा घाबरून छाटणी करू नका, झाडाकडे तेव्हा असलेली पानं त्याला हवी असतात.

परवानगीचं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातल्या झाडालाही लागू आहे, आणि त्यात ‘तोडणे’ या शब्दात झाड जाळणं किंवा कोणत्याही तऱ्हेने इजा करणंही येतं. बोडकं करणं त्यातच मोडू शकतं. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हटलं आहे, आणि एक झाड तोडल्यास त्याच्या वयाएवढी रोपं लावण्याची तरतूद आणली आहे. तुमची झाडं बंगल्याबरोबरची असतील तर ती त्या उंबरठ्यावर आहेत. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करताना पूर्ण झाड, बुंधा आणि नेमकी धोक्याची जागा असे तीन फोटो जोडा. ‘धोकादायक आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘बुंध्याशी पश्चिमेस अळंबी, घेर अमुक, कल रस्त्याकडे’ असं लिहा. पाहणीला आलेल्या माणसाचं काम सोपं होतं.

राहिला गुलमोहर. मादागास्करचं हे झाड झपाट्याने वाढतं, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आणि चाळिशी-पन्नाशीत ते उतरणीला लागतं. फांदी वाळकी होती म्हणून पडली की हिरवी असून मोडली, हे तुटलेल्या तोंडावरून ओळखा. आत लाकूड तपकिरी, भुसभुशीत, बोटाने दाबलं जात असेल तर कूज. त्यात बुंध्याशी ती चकाकणारी अळंबीही असेल तर फाटकाशी, गाड्या आणि माणसांच्या वर हे झाड ठेवू नये. परवानगी घेऊन फेब्रुवारीत, वरून तुकडे उतरवत काढा. अळंबी नसेल, मोगरीचा आवाज टणक असेल तर वाळकं काढून दोन वर्षं लक्ष ठेवता येईल. पावसाळ्याच्या शेवटी दर वर्षी बुंधा पाहायचा.

काढलंच तर बुंधा पेटवून देऊ नका, धग शेजारच्या मुळांना लागते. जमेल तेवढा गड्डा आणि जाड मुळं खणून बाहेर काढा, आणि त्याच खड्ड्यात नवं झाड लावू नका, बुरशी तिथे उरलेल्या मुळांवर कितीतरी वर्षं जगते. चार-पाच मीटर बाजूला घ्या. फाटकाशी बेताचं झाड हवं तर तामण, सीताअशोक किंवा बकुळ. रोप पुढच्या जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा, बुंध्याचा पसारा जमिनीच्या वर दिसेल इतकंच खोल, आणि काठीला बांधलेली सुतळी दुसऱ्या पावसाळ्याआधी सोडून टाका.